जे आधी होईल ते

गाडी घेतली ती वहीसकट.
हॅवर गावात, गव्हाच्या उंच कोठारांमागे,
पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती,
टाकीवर जुनी चादर, चादरीवर
मांजराने बसून बसून पाडलेला खळगा.
व्हर्ना हॉगलंड म्हणाली, पैसे मागाहून मोज,
आधी वही वाच.

वही खत कंपनीने फुकट वाटलेली,
कोपऱ्यांना ग्रीस.
पहिली पानं तिच्या भावाची, ऑरिनची,
पेन्सिल इतकी दाबून लिहिलेली
की मागून बोट फिरवलं तर अक्षर लागतं.

एक हजार मैल. पहिलं ऑइल. गरम असतानाच सोडलं. मनगट भाजलं.
पाच हजार. ऑइल, फिल्टर. बेल्ट सैल, ओढून घेतला.
दहा हजार. प्लग नवे. मागचा टायर टकला.
पंधरा हजार. ऑइल. क्लचची केबल तुटायच्या बेतात होती.
आज चिनुक वारं, गाडी आडवी ढकलत होतं.

माणूस फार बोलका नसावा.
अकरा वर्षांत वाऱ्याबद्दल तीनदा लिहिलंय,
बायकोबद्दल एकदा,
डोना म्हणाली मागची सीट काढून टाक.
खालच्या ओळीत : काढली.

मग ते पान येतं.
अठरा हजार दोनशे सहा.
त्याखाली, वर्षानंतरची तारीख घालून,
अठरा हजार दोनशे सहा.
त्याखाली अठरा हजार दोनशे आठ.
अक्षर आता गोल, ओळीला धरून,
आयुष्यभर फळ्यावर लिहिलेल्या बाईचं.
ऑइल बदललं. ब्रेक फ्लुइड बदललं. बॅटरी चार्जरवर.

मी विचारलं, उभ्या गाडीचं ऑइल?
काळंसुद्धा पडलं नसेल ते.

तिने मॅन्युअल उघडून माझ्यापुढे धरलं,
ओळीवर नख टेकवलं.
पाच हजार मैल किंवा बारा महिने,
जे आधी होईल ते.
म्हणाली, आमच्याकडे महिने आधी व्हायचे.

पहिल्या वर्षी तो इथेच होता,
त्या पालथ्या बादलीवर, नाकात ऑक्सिजनची नळी,
आणि मला पाना कसा धरायचा ते शिकवत होता.
मी बोल्ट उलटा पिळला तेव्हा
नळी काढून शिव्या दिल्या त्याने, मग परत लावली.

आणि हे दोन मैल?

ती खिडकीकडे बघत राहिली, शेडला खिडकी नव्हती तरी.
दवाखाना इथून एक मैल, म्हणाली. जायचा एक, यायचा एक.
त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला.
लायसन नव्हतं माझ्याकडे. अजूनही नाही.
पहिल्या गिअरमध्ये गेले, पहिल्या गिअरमध्ये आले.
घरी पोचते तोवर फोन वाजत होता.
दुसरा टाकता येत नव्हता का, म्हणून ओरडला,
इंजिन भाजून काढलंस माझं.

मी पैसे मोजले. तिने परत मोजले,
आणि वीस डॉलर काढून दिले
पुढच्या फिल्टरचे.

रात्री घरी येऊन चाकं उचलली,
स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्पोक वाजवत गेलो.
सगळे खणखणीत, मागचा एक तेवढा
चिरलेल्या मडक्यासारखा बद्द.
व्हॉल्व्हपासून सातवा.
पाव फेरा आवळला, वाजवला, पुन्हा बद्द.

नोंद करायला वही उघडली
तर मधल्या एका पानाच्या कडेला
गोल अक्षरात आधीच होतं :
सातवा पुन्हा सैल.
ऑरिन म्हणतो तो तसाच आहे,
त्याच्या मागे लागू नकोस.

मी अजून पाव फेरा दिला.
मग तारीख घातली. मग मैल.